चौदाशे वर्षे न फिरलेले चाक

गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर आपोआप आणि अखंड फिरणारे चाक! या स्वप्नाने राजेरजवाड्यांना भुलवले, विद्वानांना आपसांत भांडायला लावले आणि कित्येक सामान्य घरांची पुंजी गिळली. हे चाक फिरत का नाही? आणि तरीही माणूस त्याचा नाद का सोडत नाही?

हातातला दगड सोडला की तो खाली पडतो. त्याला कोणी ढकलावे लागत नाही. रात्र असो वा दिवस, उन्हाळा असो वा पावसाळा, पृथ्वीची ही ओढ एक क्षणही थांबत नाही. तिला कोळसा लागत नाही, पेट्रोल लागत नाही आणि महिनाअखेरीस तिचे बिलही येत नाही. मग या न थकणाऱ्या बैलाला एखाद्या चाकाला जुंपले तर? चाक फिरत राहील, त्यावर पिठाची गिरणी चालेल, विहिरीचे पाणी चढेल, घरात दिवे लागतील आणि तेही फुकटात!

ही कल्पना इतकी साधी आणि इतकी मोहक आहे की, जगात ती पुन्हा पुन्हा नव्याने सुचत आली आहे. आजही एखाद्या गावातील हुशार मेकॅनिक, निवृत्त कर्मचारी किंवा महाविद्यालयात शिकणारा मुलगा सायकलची रिम, लोखंडी गोळे आणि बेअरिंग घेऊन बसतो आणि 'थोडेसेच जमायचे राहिले आहे' असे घरच्यांना सांगत राहतो. त्या 'थोडेसेच' या शब्दात कित्येकांची उमेदीची वर्षे निघून गेली आहेत. म्हणूनच या चाकाची गोष्ट केवळ विज्ञानाची नाही, ती घराघराची आहे.

पाऱ्याचे चाक

या चाकाचे सर्वांत जुने वर्णन आपल्याच देशात सापडते. आजच्या राजस्थानातील भिनमाळ येथे राहणाऱ्या ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ लिहिला. त्यातील यंत्रांविषयीच्या अध्यायात एका चाकाची रचना दिली आहे. चाकाचे आरे पोकळ ठेवायचे, त्यांत अर्धा पारा भरायचा आणि त्यांची तोंडे बंद करायची. चाक फिरू लागले की एका बाजूचा पारा कडेकडे धावेल, दुसऱ्या बाजूचा मध्याकडे येईल आणि त्यामुळे चाक फिरतच राहील, अशी त्यामागची कल्पना होती. अशा यंत्राला नाव होते 'स्वयंवह', म्हणजे आपोआप चालणारे.

पुढे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायात पोकळ, एका बाजूला किंचित कललेल्या आऱ्यांचे आणि पाऱ्याचे चाक पुन्हा भेटते. हे तेच भास्कराचार्य, ज्यांची 'लीलावती' पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली गेली आणि ज्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता.

भास्कराचार्यांचे नाव आले की काही मंडळी लगेच म्हणतात, 'बघा, आपल्या पूर्वजांनी फुकट ऊर्जेचे यंत्र तेव्हाच बनवले होते!' हे म्हणणे अभिमानाचे वाटले तरी खरे नाही. ग्रंथात रचना दिली आहे; पण अशी रचना केलेले चाक अखंड फिरले, याचा कोणताही पुरावा नाही आणि आज बनवले तरी ते थांबतेच. यात भास्कराचार्यांना काही कमीपणा येतो का? मुळीच नाही. ज्या नियमामुळे हे चाक फिरत नाही, तो नियम स्पष्टपणे मांडला जायला त्यांच्यानंतर सातशे वर्षे जावी लागली. त्यांचा मोठेपणा त्यांच्या गणितात आहे. तो सिद्ध करायला न फिरणाऱ्या चाकाची साक्ष काढण्याची गरज नाही.

तेराव्या शतकात फ्रान्समधील व्हिलार द ओनकूर याने आपल्या चित्रवहीत सात हातोड्यांचे एक चाक काढले आणि तेही आपोआप फिरेल असे लिहून ठेवले. ही कल्पना भारतातून अरबांमार्फत युरोपात पोहोचली असावी, असे काही इतिहासकार मानतात. लिओनार्दो दा व्हिंची यानेही अशी अनेक चाके कागदावर उतरवली. पण त्याची नजर तीक्ष्ण होती. ही चाके चालणार नाहीत हे त्याने ओळखले आणि अशा यंत्रामागे लागणाऱ्यांना त्याने सोने बनवू पाहणाऱ्या किमयागारांच्या पंगतीत बसवले.

बंद खोलीतले ५४ दिवस

या चाकाच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले प्रकरण घडले ते जर्मनीत. योहान बेसलर हा घड्याळाचे काम आणि औषधोपचार जाणणारा एक हरहुन्नरी माणूस होता. मुळाक्षरे तेरा-तेरा जागांनी पुढे सरकवून त्याने आपल्या आडनावाचे 'ऑर्फिरियस' असे गूढ वाटणारे नाव बनवले होते. १७१२ साली गेरा या गावी त्याने आपोआप फिरणारे एक चाक लोकांना दाखवले. त्यानंतर प्रत्येक चाक आधीच्यापेक्षा मोठे होत गेले. त्याचे चाक वजने उचलून दाखवी. लाइबनित्ससारखा थोर गणिती १७१४ मध्ये ते पाहून प्रभावित झाला. पण चाकाचे आतले अंग कापडाने झाकलेले असे. आत काय आहे ते कळेल, पण आधी एक लाख थालर मोजा, अशी बेसलरची अट होती. ही रक्कम त्या काळी प्रचंड होती.

हेसे-कासेलचा राजा कार्ल याने बेसलरला आश्रय दिला, दरबारी पद दिले आणि वाइसेनस्टाइनच्या गढीत राहायला जागाही दिली. तिथे बेसलरने सुमारे बारा फूट व्यासाचे चाक उभारले. ते मिनिटाला पंचवीस-सव्वीस फेरे घेत असे. १२ नोव्हेंबर १७१७ रोजी ते फिरते ठेवून खोली बंद करण्यात आली आणि दारांवर मोहरा लावण्यात आल्या. दोन आठवड्यांनी दार उघडले तेव्हा चाक फिरत होते. खोली पुन्हा बंद झाली. ४ जानेवारी १७१८ रोजी उघडली तेव्हाही चाक फिरतच होते. एकूण ५४ दिवस!

१७२१ मध्ये लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक विलेम 'स ग्रावेसांड यांना चाक तपासायला बोलावण्यात आले. त्यांनी बाहेरून चाक पाहिले, आसाची टोके बारकाईने तपासली आणि बाहेरून कोणी चाक फिरवत असल्याची खूण आपल्याला दिसली नाही, असे पत्र साक्षात न्यूटन यांना लिहिले. पण पैसे न देता हा माणूस आपले गुपित चोरू पाहत आहे, असा आरोप करून संतापलेल्या बेसलरने ते चाक स्वतःच फोडून टाकले.

पुढे १७२७ मध्ये बेसलरच्या घरातील मोलकरणीने जबानी दिली. बेसलर, त्याची बायको, त्याचा भाऊ आणि आपण स्वतः शेजारच्या खोलीतून आळीपाळीने ते चाक फिरवत होतो, असे तिने सांगितले. यावर वाद पेटला. आसाला बाहेरून जोडलेले काहीच नव्हते, असे 'स ग्रावेसांड यांचे म्हणणे होते आणि यंत्राच्या बाबतीत मोलकरणीच्या बोलण्याला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. १७४५ मध्ये एका पवनचक्कीच्या बांधकामावरून पडून बेसलरचा मृत्यू झाला आणि त्याचे गुपित त्याच्याबरोबरच गेले.

तीनशे वर्षे झाली तरी बेसलरचे चाहते संपलेले नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा की, इतक्या विद्वानांना एक माणूस इतकी वर्षे फसवू शकेल काय? खोली तर बंद होती, मोहरा शाबूत होत्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, जे यंत्र उघडून दाखवले गेले नाही, जे त्याच्या मालकानेच फोडले आणि ज्याची नक्कल तीनशे वर्षांत कोणालाही करता आली नाही, त्याला पुरावा कसे म्हणायचे? विद्वान माणूस निसर्गाचे परीक्षण करण्यात तरबेज असतो. पण निसर्ग कधी लबाडी करत नाही. हातचलाखी ओळखण्याचे कसब वेगळे असते, ते प्राध्यापकापेक्षा एखाद्या जादूगाराकडे अधिक असते!

या कथेत एक सुंदर विरोधाभास दडलेला आहे. याच कार्ल राजाने त्याच टेकडीवर प्रचंड जलप्रपात बांधवून घेतले होते आणि माथ्यावर उभारलेला हर्क्युलिसचा भव्य पुतळा १७१७ मध्येच, म्हणजे चाकाच्या परीक्षेच्याच साली, पूर्ण झाला. टेकडीवरच्या तळ्यांत पाणी साठवायचे आणि ते उतारावरून सोडायचे, एवढीच त्या जलप्रपातांची युक्ती. त्यात एकही पंप नाही, सारे काम गुरुत्वाकर्षण करते. आज हे स्थळ जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले आहे आणि उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी ते पाणी आजही खळाळत खाली येते. पण ठरलेल्या दिवशीच! कारण वरची तळी पुन्हा भरायला वेळ लागतो. तिथे कसलेही गुपित नव्हते, म्हणून ते टिकले. चाक मात्र कुठेच उरले नाही.

झिजलेल्या दात्यांनी दिलेली साक्ष

बेसलरची चलाखी नेमकी कशी चालत होती हे उघडकीस आले नाही. पण त्याच्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाचे बिंग मात्र साग्रसंगीत फुटले. १८१२ मध्ये त्याने फिलाडेल्फिया शहरात गुरुत्वाकर्षणावर चालणारे यंत्र मांडले. तिकीट लावून तो ते लोकांना दाखवत असे आणि मोठे यंत्र बांधण्यासाठी सरकारकडे पैसेही मागत होता. सरकारी निरीक्षक आले, तेव्हा त्यांना यंत्राजवळ जाऊ न देता खिडकीतून दाखवण्यात आले. त्या यंत्राला दातेरी चाकांनी दुसरे एक यंत्र जोडलेले होते आणि पहिले यंत्र दुसऱ्याला चालवते, असा रेडहेफरचा दावा होता. एका निरीक्षकाच्या मुलाची नजर त्या दात्यांवर गेली. दाते झिजले होते ते उलट्या बाजूने! म्हणजे दुसरे यंत्रच पहिल्याला फिरवत होते.

रेडहेफर तेथून न्यूयॉर्कला पळाला आणि १८१३ मध्ये त्याने तिथे पुन्हा दुकान मांडले. आगबोटीसाठी प्रसिद्ध असलेले रॉबर्ट फुल्टन ते पाहायला गेले. चाकाचा वेग एकसारखा नाही, तो हाताने फिरवलेल्या दांड्यासारखा कमीजास्त होतो आहे, हे त्यांच्या कानाने टिपले. त्यांनी यंत्रामागच्या फळ्या उचकटल्या. भिंतीतून तातीची दोरी वर माळ्याकडे गेलेली दिसली. माळ्यावर जाऊन पाहतात तो काय, एक म्हातारा एका हाताने भाकरतुकडा खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवत बसला होता! गुरुत्वाकर्षणाचे 'फुकट' काम प्रत्यक्षात तो म्हातारा करत होता.

हिशेब कुठे चुकतो?

लबाडांचे ठीक आहे. पण प्रामाणिकपणे चाक बनवणाऱ्यांचे काय चुकते? त्यासाठी अशा चाकाची रचना नीट समजून घ्यायला हवी.

चाकाच्या कडेला बिजागरीवर फिरणारे दांडे लावलेले असतात आणि त्यांच्या टोकाला वजने. खाली येणाऱ्या बाजूला दांडे बाहेर उघडतात, त्यामुळे वजने मध्यापासून लांब जातात. वर जाणाऱ्या बाजूला दांडे मिटतात आणि वजने मध्याजवळ येतात. लांबचे वजन जास्त जोर लावते, हे बागेतल्या सी-सॉवर बसणाऱ्या लहान मुलालाही माहीत असते. म्हणजे खाली येणारी बाजू सदैव जड पडणार आणि चाक फिरतच राहणार. चित्र पाहून तर्क अगदी बिनतोड वाटतो.

पण चित्रातली वजने मोजून पाहावीत. लांब गेलेल्या बाजूला वजने संख्येने कमी असतात आणि जवळ आलेल्या बाजूला जास्त. सी-सॉच्या एका टोकाला लांब बसलेला एक मुलगा आणि दुसऱ्या बाजूला मध्याजवळ दाटीवाटीने बसलेली दोन मुले, अशातला हा प्रकार. लांबीचा फायदा संख्येने फिटून जातो. चाक थोडे डुगडुगते, तोल साधणारी जागा शोधते आणि तिथेच थांबते.

याहून सोपे आणि सर्व रचनांना लागू पडणारे कारण दुसरेच आहे. चाक म्हणजे पुन्हा पहिल्या जागी येणारी वस्तू. एक फेरा पूर्ण झाला की प्रत्येक वजन जिथून निघाले तिथेच येते. दहा किलोचे वजन एक मीटर खाली येताना जेवढी शक्ती देते, बरोबर तेवढीच ते एक मीटर वर चढवताना परत मागते. वाट सरळ असो की वाकडी, दांडा लांब असो की आखूड, हिशेब फक्त उंचीचा होतो. हे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालण्यासारखे आहे. कितीही वेळा घातले तरी रुपयाचे सव्वा रुपये होत नाहीत. उलट, प्रत्येक फेऱ्याला आसाचे घर्षण आणि हवेचा विरोध आपली दलाली कापून घेतात. म्हणून चाक हळूहळू मंदावते.

मग हाताने गती दिलेले चाक इतका वेळ का फिरते? उलटी ठेवलेली सायकल आठवावी. चांगले बेअरिंग असेल तर तिचे चाक बराच वेळ फिरते. पण ती शक्ती आपल्या हाताने दिलेली असते आणि चाक ती पुरवून पुरवून खर्च करते. त्याला काम करायला लावा, एखादे वजन उचलायला सांगा, की ते लगेच थांबते. नुसते फिरणे वेगळे आणि फिरता फिरता काम करणे वेगळे. गुरुत्वाकर्षणाऐवजी लोहचुंबक लावले तरी हिशेब बदलत नाही.

विशेष म्हणजे, या अपयशातूनच विज्ञानाला मोठा लाभ झाला. सिमॉन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये उतरत्या पृष्ठभागावर टाकलेल्या गोळ्यांच्या माळेचे उदाहरण घेतले. माळ आपोआप कायमची फिरत राहणे शक्य नाही, एवढे एकच गृहीत धरून त्यांनी उतारावरील वजनांच्या तोलाचा नियम सिद्ध केला. कासेलच्या चाकाने चकित झालेल्या 'स ग्रावेसांड यांनीही पुढे पितळी गोळे उंचावरून ओल्या मातीत टाकून आघात मोजले. दुप्पट वेगाने पडणारा गोळा दुप्पट नव्हे, चौपट परिणाम करतो, हे त्यातून दिसले. ऊर्जेच्या कल्पनेकडे जाणारी ती महत्त्वाची पायरी ठरली. १८४० च्या दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून नियम पक्का झाला: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, ती फक्त रूप बदलते. त्याआधीच, १७७५ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अखंड गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही, असे जाहीर करून टाकले होते.

एका युनिटसाठी पाच कुतुबमिनार

गुरुत्वाकर्षण फुकट मिळते हे खरे मानले, तरी त्यातून मिळते किती, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या घरच्या मीटरवर एक युनिट वीज पडते, तेवढी शक्ती खाली येणाऱ्या वजनातून मिळवायची असेल तर एक हजार किलोचे वजन सुमारे ३६७ मीटर खाली यावे लागेल. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. म्हणजे एकावर एक पाच कुतुबमिनार रचून त्यांच्या माथ्यावरून एक टन वजन सोडायचे, तेव्हा कुठे एक युनिट! आणि दुसऱ्या युनिटसाठी तेच वजन पुन्हा वर कोणी चढवायचे? अंगणात मावणाऱ्या चाकावर घरचा पंखा, फ्रिज आणि टीव्ही चालवण्याच्या गोष्टी या आकड्यापुढे टिकत नाहीत.

मग कोयनेसारख्या धरणावर वीज कशी तयार होते? तिथेही पाणी खालीच पडते ना? होय, पण ते पाणी वर चढवण्याचे काम सूर्याने केलेले असते. समुद्राचे पाणी तापवून, ढग करून, डोंगरावर आणून ओतण्याचा खर्च तो सोसतो. हिमालयातील गावांमध्ये ओढ्याच्या पाण्यावर चालणारे 'घराट', म्हणजे पाणचक्कीची जाती, याच न्यायाने पिढ्यान्‌पिढ्या पीठ दळत आली आहेत.

महाराष्ट्रात घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा तिथे खालच्या जलाशयाचे पाणी वर चढवले जाते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवली जाते. पाणी वर, पाणी खाली. एका अर्थाने हे गुरुत्वाकर्षणाचे महाकाय चाकच. पण अशा प्रकल्पात शंभर युनिट वीज घातली तर साधारण पंच्याहत्तर ते ऐंशी युनिटच हाती येते. अद्ययावत यंत्रे वापरणाऱ्या अभियंत्यांनाही निसर्ग सूट देत नाही. नको असलेल्या वेळची वीज हव्या त्या वेळी मिळते, म्हणून हा तोटा परवडतो.

आपोआप चालणारी काही यंत्रे खरोखरच आहेत. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात १८६४ साली बनवलेले एक घड्याळ आहे. त्याला हाताने किल्ली द्यावी लागत नाही. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने एका पेटीतली हवा फुगते, आकसते आणि त्यातून घड्याळाचे वजन वर उचलले जाते. तापमान पुरेसे बदलले नाही तर तेही अडते. पाण्यात चोच बुडवणारा काचेचा खेळण्यातला पक्षीही असाच, पाण्याच्या बाष्पीभवनावर जगणारा. प्रत्येक वेळी कोणीतरी खर्च करत असतो, तो आपल्याला दिसत नाही इतकेच.

घरात असा संशोधक असेल तर

अशा यंत्रासाठी पैसे मागणारा माणूस दाराशी आला, तर काय करावे? काही साधे प्रश्न विचारावेत. यंत्र पूर्ण उघडून दाखवाल का? ते इथून उचलून आमच्या पसंतीच्या खोलीत, आमच्या माणसांसमोर, आमच्या मीटरवर चालवाल का? बॅटरी, मोटर, वायर सारे काढून टाकल्यावर ते किती दिवस चालते, आणि नुसते न फिरता काम किती करते? तुमच्या स्वतःच्या घरचे वीजबिल तुम्ही बंद केले आहे का? जो माणूस फुकट वीज बनवू शकतो, त्याला दुसऱ्याची बचत कशाला हवी, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारावा.

'पेटंटचा अर्ज केला आहे' या वाक्याने भारावून जाऊ नये. अर्ज कोणीही करू शकतो. निसर्गाच्या सिद्ध झालेल्या नियमांना उघडपणे विरोध करणारा दावा पेटंटला पात्र नाही, असे भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमातच म्हटले आहे. 'मोठ्या कंपन्या हा शोध दडपून टाकत आहेत' हे दुसरे आवडते वाक्य. ते यंत्र चालते की नाही, या मूळ प्रश्नाला बगल देण्यासाठीच ते बहुधा उच्चारले जाते.

पण बाहेरचा ठग ओळखणे त्या मानाने सोपे. अवघड असते ते घरातला स्वप्नाळू माणूस सांभाळणे. नवरा, मुलगा किंवा वडील प्रामाणिकपणे या चाकाच्या मागे लागलेले असतात. त्यांना कोणाला फसवायचे नसते; तेच फसलेले असतात. त्यांची थट्टा केली की ते अधिकच एकटे पडतात आणि हट्टाला पेटतात. 'जगाने सगळ्या संशोधकांना आधी वेडेच ठरवले' हे वाक्य त्यांच्या मदतीला तयारच असते. दागिने गहाण पडतात, नोकरी सुटते, मुलांच्या फीचे पैसे बेअरिंगमध्ये जातात आणि बोलण्याचे दार बंद झालेले असते.

अशा वेळी घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे पैशाची मर्यादा स्पष्टपणे आखावी. छंदाला महिन्याला अमुक इतकेच, घरची बचत आणि कर्ज यांना हात नाही. दुसरी म्हणजे त्या माणसाला वाद घालायला न लावता मोजायला लावावे. वजनकाटा, फूटपट्टी आणि वही त्याच्या हाती द्यावी. चाकाचे प्रत्येक वजन किती खाली आले, किती वर गेले, याचा एका पूर्ण फेऱ्याचा तक्ता त्यालाच मांडू द्यावा. जवळच्या शाळेतील किंवा महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना घरी चहाला बोलवावे आणि तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवावा. शिक्षकांनीही 'अशक्य' हा एक शब्द उच्चारून उठून जाऊ नये. बेरीज शून्य कुठे येते ते बोट ठेवून दाखवावे. आपल्याच अक्षरातला आकडा माणूस लवकर नाकारत नाही.

आणि ज्या हातांनी इतके नेटके चाक बनवले, त्या हातांना काम कमी नाही. ओढ्यावरची छोटी पाणचक्की, कमी श्रमात चालणारा हातपंप, अपंगांसाठी हलकी सायकल, शेतावरची पवनचक्की या सगळ्यांना तोल, बेअरिंग आणि वजन यांचे तेच ज्ञान लागते. ब्रिटनमधील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी तर सायकलच्या चाकापासून आपोआप फिरणारी वाटणारी यंत्रे बनवून प्रदर्शनांत मांडली. ती खोटी आहेत, यात एक युक्ती आहे, ती ओळखून दाखवा, असे ते उघडपणे सांगत. लोक रांगा लावून पाहत, डोके खाजवत आणि हसत घरी जात. चाक तेच, पण तिथे कोणाचे घर बुडाले नाही.